अ.पा.क. म्हणजे जमीन विकायचा परवाना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर रोज जाहीर नोटिसा छापून येतात. गट नंबर, चतुःसीमा, ‘आमचे अशिलांनी सदर मिळकत खरेदी घेण्याचे ठरविले आहे, कोणाची हरकत असल्यास मुदतीचे आत कळवावे’ वगैरे. त्यांतल्या काही नोटिसांत लिहून देणाऱ्यांच्या यादीत एखादे नाव ‘अज्ञान, अ.पा.क. आई’ किंवा ‘अज्ञान, अ.पा.क. चुलते’ असे असते (अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचे मूल). वाचणारा तेवढे वाचून पुढे सरकतो. विसार (आगाऊ रक्कम) दिलेला घेणाराही पुढे सरकतो आणि नेमका तिथेच फसतो. सातबाऱ्यावर किंवा दस्तात कुणाला तरी ‘पालक’ म्हटले की त्या माणसाला मुलाची जमीन विकता येते, हा समज सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. कोणत्या कागदावरचा पालक काय करू शकतो आणि काय नाही, हे एकदा सविस्तर छापून यावे म्हणून हे पत्र.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. सातबाऱ्यावर १८ वर्षांखालच्या खातेदाराच्या नावापुढे हा शेरा येतो. त्याचा भाऊबंद म्हणजे ए.कु.मॅ., एकत्र कुटुंब मॅनेजर. दोन्ही शेरे महसुली सोयीसाठी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आताचे ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे असते. हक्क मिळवणारा अज्ञान असेल तर हे कळवण्याची जबाबदारी त्याच्या पालकावर किंवा त्याची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर येते. म्हणजे वडील वारल्यावर जो कुणी वारस नोंदीचा अर्ज घेऊन चावडीवर गेला, त्याचे नाव अ.पा.क. म्हणून लागले, असे सर्रास होते. तो आजोबा असतो, चुलता असतो, कधी मामा असतो. त्याला कोणी नेमलेले नसते. नोटीस कुणाला बजावायची आणि शेतसारा कुणाकडून घ्यायचा, एवढ्यापुरते ते नाव आहे.

कायद्याने पालक कोण, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. वीरशैव आणि लिंगायत यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. आपल्याकडे काही जण ‘आम्हाला तो लागू नाही’ म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. या कायद्यात पालक चार प्रकारचे: नैसर्गिक पालक, आई किंवा वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेला पालक, न्यायालयाने नेमलेला पालक, आणि कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कायद्याखाली अधिकार मिळालेला पालक. चौथा प्रकार आता जवळजवळ इतिहासजमा आहे.

नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. आजोबा, चुलता, मामा, थोरला भाऊ हे नैसर्गिक पालक नाहीत. सावत्र आई आणि सावत्र वडीलही नाहीत. कलम ६ चे स्पष्टीकरण ते सरळ सांगते. दत्तक मुलाचे पालकत्व दत्तक घेणाऱ्या वडिलांकडे आणि त्यांच्यानंतर दत्तक आईकडे जाते. ‘वडिलांनंतर’ याचा अर्थ वडील वारल्यावरच असा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या प्रकरणात १९९९ मध्ये ठरवले. वडील मुलाकडे ढुंकून बघत नसतील, दोघांच्या संमतीने सगळा कारभार आईकडे असेल, किंवा आजारामुळे अथवा दूर राहण्यामुळे वडील काही करूच शकत नसतील, तर वडील हयात असतानाही आई पालक म्हणून सही करू शकते. विडी वळून किंवा यंत्रमागावर काम करून घर चालवणाऱ्या आणि नवरा वर्षानुवर्षे परगावी असलेल्या बायकांची आपल्या शहरात कमतरता नाही. खिडकीवर ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून त्यांचा कागद परत केला जातो, तेव्हा हा निकाल दाखवायला हवा.

मृत्युपत्राबद्दल एक गैरसमज आहे. वडिलांनी मृत्युपत्रात ‘मुलांचा पालक माझा भाऊ’ असे लिहिले आणि आई हयात असली, तर ती नेमणूक चालत नाही, पालक आईच. आई पुढे स्वतःच्या मृत्युपत्राने कुणालाही न नेमता वारली, तरच वडिलांची नेमणूक जिवंत होते. दिराने मृत्युपत्र दाखवून भावजयीला कागदांवरून बाजूला सारले, तर तिने घाबरायचे कारण नाही.

आता अधिकारांकडे. नैसर्गिक पालकाने मुलाच्या हिताचे जे आवश्यक आणि वाजवी असेल ते करावे, असे कलम ८ म्हणते आणि लगेच हात बांधते. न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, बक्षीस देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. कलमात ‘किंवा अन्य प्रकारे’ असेही शब्द आहेत, त्यामुळे अज्ञान मुलीच्या वतीने आईने केलेले हक्कसोडपत्रही यात येते. गावाकडे हेच सगळ्यात जास्त होते: बाप वारला, काकांनी सांगितले, आईने स्वतःबरोबर मुलींचाही हक्क सोडून दिला, मुलगी तेव्हा नववीत.

भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाणारा पट्टा परवानगीशिवाय करता येत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या. मुलगा १५ पूर्ण असेल तर तो १९ चा होईपर्यंत, म्हणजे चारच वर्षांचा पट्टा चालतो. ‘पाच वर्षे चालतात’ म्हणून डोळे झाकून पाच लिहिली की चूक झाली. सौर प्रकल्पांसाठी माळरान दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याचे करार सध्या बरेच होत आहेत. अज्ञान सहखातेदार असलेल्या गटावर असा करार परवानगीविना करणे म्हणजे कंपनीनेही डोकेदुखी विकत घेणे आहे.

आकड्यांत बघू. मोहोळ तालुक्यात एकाची स्वतः खरेदी केलेली ४ एकर, म्हणजे १६० गुंठे जमीन आहे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, १९ वर्षांची मुलगी, १५ आणि १२ वर्षांचे दोन मुलगे, आणि त्याची आई. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकी एक पंचमांश, म्हणजे ३२ गुंठे. पत्नी आपले ३२ गुंठे विकू शकते. सासूचे ३२ गुंठे विकायला सासूचीच सही लागते. (वारस नोंदीत म्हातारीचे नाव गाळायची खोड आपल्याकडे आहे, ते गाळले तरी तिचा हक्क जात नाही.) १९ वर्षांच्या मुलीने स्वतः दुय्यम निबंधकासमोर अंगठा द्यायचा, आईने ‘अ.पा.क.’ म्हणून तिच्या वतीने सही केली तर ती सहीच नव्हे. राहिले दोन मुलांचे ६४ गुंठे. त्यांना न्यायालयाची परवानगी लागते. चार एकरांचे एकच खरेदीखत मुलांच्या आईच्या सहीने झाले, तर घेणाऱ्याच्या पदरात पक्के काय पडले? ३२ गुंठे.

परवानगीविना आईने किंवा वडिलांनी केलेला दस्त आपोआप रद्द नसतो; मुलाच्या इच्छेवर रद्द होण्याजोगा असतो. चुलत्याने किंवा आजोबाने नुसता ताबेदार म्हणून केलेला दस्त मात्र मुळातच निरर्थक ठरतो, कारण कलम ११ त्याला अज्ञानाच्या मिळकतीचा व्यवहार करायचा अधिकारच देत नाही. पहिल्या प्रकारात मुलाला मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात, म्हणजे साधारण २१ पूर्ण होईपर्यंत. दुसऱ्या प्रकाराला ही तीन वर्षे लागू होत नाहीत. तिथे ताब्याचा आणि बारा वर्षांचा हिशेब येतो. त्यामुळे नेमके कुणी विकले, हे आधी बघावे लागते. भावंडांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे: हक्क सगळ्यांचा सामाईक असेल आणि थोरला भाऊ सज्ञान होऊन एकत्र कुटुंबाची मिळकत प्रत्यक्ष सांभाळत असेल, तर धाकट्यांच्या विरुद्धही मुदत त्याच्यापासून सुरू होऊ शकते. ‘अजून मी १७ चा आहे, घाई काय’ म्हणून बसणारा धाकटा इथे अडकतो.

दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने तपासला, हा दुसरा भ्रम. दुय्यम निबंधक मुद्रांक, ओळख आणि कागदांची पूर्तता बघतो. विकणाऱ्याला हक्क आहे की नाही याची खात्री घेणाऱ्याने स्वतः करायची असते. फेरफार (हक्कातल्या बदलाची महसुली नोंद) मंजूर झाल्यानेही दोष जात नाही.

इथे भावकीतले जाणते लगेच वडिलोपार्जित जमिनीचा मुद्दा काढतील, आणि तो बरोबर आहे. कलम ६, ८ आणि १२ मिळून असे आहे की एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या मिळकतीतल्या अज्ञानाच्या हिश्श्याला कलम ८ ची परवानगी लागत नाही. तिथे कर्ता (कुटुंबप्रमुख) कायदेशीर गरजेसाठी विकू शकतो; ती गरज पुढे सिद्ध करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले. पण ‘वडिलोपार्जित’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. बापाने स्वतः खरेदी केलेली, आजोबाने मृत्युपत्राने दिलेली, अशा सगळ्याच जमिनीला वडिलोपार्जित म्हणतात. सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. शेरा आहे म्हणून ती एकत्र कुटुंबाची आणि नाही म्हणून नाही, असेही नसते. जुने फेरफार काढून जमीन कुटुंबात कशी आली ते बघावे. शंका राहिली तर परवानगी काढणे स्वस्त पडते.

परवानगी कशी काढायची? मिळकत ज्या हद्दीत आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या न्यायालयात किरकोळ अर्ज करायचा. सोबत सातबारा, आठ-अ (खातेउतारा), वारसाचा फेरफार, वडिलांचा मृत्यूदाखला, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, ठरलेल्या सौद्याचा मसुदा, आणि जमिनीचे मूल्यांकन. नुसता शासकीय दर जोडू नये. आसपासच्या दोन-तीन ताज्या खरेदीखतांच्या नकला जोडल्या तर भाव पडेल नाही हे न्यायालयाला दिसते. अर्जात दोनच गोष्टी पटवायच्या असतात, कारण कायदा दोनच कारणे मानतो: गरज, किंवा मुलाचा उघड फायदा. ‘घरात पैशांची अडचण आहे’ हे वाक्य पुरत नाही. कोणते कर्ज, कुणाचे, किती बाकी, व्याज काय. कोणता आजार, रुग्णालयाचा अंदाजखर्च किती. त्या जमिनीचे उत्पन्न किती आणि विकून दुसरीकडे घेतलेल्या जमिनीचे किती येईल, असे लिहावे. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा मुलाच्या वाट्याचे पैसे कुठे ठेवणार याबद्दल अर्जात मौन असते म्हणून. न्यायालय साधारणपणे ती रक्कम मूल सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते. त्यातून शिक्षणासाठी मधेच रक्कम काढायची तर पुन्हा अर्ज करावा लागतो. बँकेच्या व्यवस्थापकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

घेणाऱ्याने या आदेशाची प्रमाणित नक्कल मागावी आणि त्यातल्या अटी वाचाव्यात: किमान किंमत किती, पैसे कुणाच्या नावाने धनादेशाने द्यायचे, मुदत किती. मुदत उलटून झालेले खरेदीखत परवानगीबाहेरचे असते. साठेखत (पुढे विकण्याचा करार) करायचेच असेल तर ‘न्यायालयाची परवानगी मिळाल्यास’ ही अट घालून करावे आणि विसार कमी द्यावा. आणि मुलगी १७ वर्षे ८ महिन्यांची असेल तर सरळ चार महिने थांबावे. वाढदिवस उजाडला की ती सज्ञान. मग तिची एक सही आणि विषय संपला. फक्त जन्मतारीख कोणती धरली ते तपासा. शाळेच्या दाखल्यावर १ जून असलेली आपल्या जिल्ह्यात हजारो माणसे आहेत, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत भलतीच तारीख असते. १८ आणि २१ या दोन्ही आकड्यांवर दावे चालत असल्यामुळे दोन्ही कागद जुळवून बघितल्याशिवाय दस्ताची तारीख ठरवू नये.

न्यायालयाकडून पालक म्हणून नेमून घेण्याचा रस्ता वेगळा आहे. तो पालक व पाल्य अधिनियम, १८९० चा. आई-वडील दोघेही नसतील आणि आजीला किंवा मामाला मुलाचे सगळे कायदेशीर करावे लागणार असेल, तर त्या कायद्याखाली अर्ज करावा. मुलाची समज असेल तर न्यायालय त्याचेही मत विचारात घेते. मिळकतीचा पालक म्हणून नेमणूक झाली की न्यायालय जातमुचलका मागू शकते, सहा महिन्यांत मिळकत, रोकड आणि देणी यांची यादी मागू शकते, हिशेब मागू शकते. नेमणूक झाली म्हणजे विकायचा अधिकार मिळाला असे इथेही नाही. विक्रीसाठी वेगळी परवानगी लागतेच. जुन्या मंडळींच्या डोक्यात न्यायालयाने पालक नेमला की मूल २१ ला सज्ञान होते असे पक्के आहे. पूर्वी तसे होते. १९९९ च्या दुरुस्तीनंतर तिथेही १८.

मुस्लिम कुटुंबांसाठी नियम आणखी कडक आहेत. अज्ञानाच्या मिळकतीचे पालक म्हणजे वडील, त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग वडिलांचे वडील आणि त्यांनी नेमलेला माणूस. आईकडे मुलाचा ताबा आणि संगोपन असू शकते, पण मिळकतीची ती आपोआप पालक होत नाही. वडील आणि आजोबा दोघेही नसतील आणि कुणाची नेमणूकही नसेल, तर आईने १८९० च्या कायद्याखाली नेमणूक करून घ्यावी. तोवर तिने मुलाच्या वतीने केलेला जमिनीचा व्यवहार उभा राहत नाही. ख्रिस्ती कुटुंबांनाही याच १८९० च्या कायद्याकडे यावे लागते.

जमीन सोडून इतर कागदांवर ‘पालक’ बराच सैल होतो, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. शाळेत आजी पालक असते, आणि ते कायदेशीरच आहे: शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये मुलाची काळजी आणि ताबा ज्याच्याकडे आहे तो पालक. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, तिथे ती निवडून येऊ शकते. रुग्णालयात १२ वर्षांखालच्या मुलासाठी पालक किंवा ज्याच्या कायदेशीर देखरेखीखाली ते मूल आहे त्याची संमती चालते. मामाच्या घरी शिकायला ठेवलेल्या पोराचा हात मोडला तर मामा सही करू शकतो. बाल कल्याण समितीने मूल एखाद्या नातेवाइकाच्या हवाली केले, बालसंगोपन योजनेचे अनुदान त्याच्या खात्यावर येऊ लागले, तरी तो त्या मुलाच्या जमिनीचा पालक होत नाही. शाळेच्या रजिस्टरात दहा वर्षे पालक म्हणून सही करणारा चुलता निबंधक कार्यालयात तोच हक्क सांगतो आणि समोरच्यालाही ते पटते, ही खरी अडचण आहे.

बँकेत मुलाच्या खात्यावर आई पालक म्हणून चालते. १० वर्षांवरील मुलाला बँकेच्या धोरणानुसार मर्यादित रकमेपर्यंत स्वतःचे बचत खाते चालवता येते. १८ पूर्ण झाल्यावर पालकाच्या सहीवर विसंबता येत नाही. बँक नव्याने सहीचा नमुना आणि कागद घेते. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या गडबडीत पैसे अडकतात ते इथेच. सुकन्या समृद्धी खाते आजी-आजोबांनी उघडलेले असेल तर ते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावे करून घ्यावे लागते. विम्यात नामनिर्देशित व्यक्ती अज्ञान असेल तर एक ‘नियुक्त व्यक्ती’ लिहावी लागते. ती पैसे मुलाच्या वतीने स्वीकारते, एवढेच; तिलाही लोक पालक म्हणतात.

दाव्यात अज्ञान वादी असेल तर वादमित्र (त्याच्या वतीने दावा चालवणारा) लागतो, प्रतिवादी असेल तर न्यायालय त्या दाव्यापुरता पालक नेमते. ज्याचे हितसंबंध मुलाच्या विरुद्ध आहेत त्याला नेमता येत नाही. वाटपाच्या दाव्यात काकाच प्रतिवादी आणि काकाच पुतण्याचा पालक, अशी नावे दिसली तर पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी. दाव्यात तडजोड करायची तर न्यायालयाची नोंदवलेली परवानगी हवी. लोकअदालतीत घाईने केलेल्या तडजोडी पुढे याच कारणाने डळमळतात.

एक बाब जमिनीइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांग असलेले मूल १८ चे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आई-वडिलांचे पालकत्व तिथेच संपते. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या वतीने बँकेत सही करताना आईला अडवले जाते ते म्हणून. या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते; समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज नमुना ‘अ’ मध्ये, सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, आधार, नात्याचा पुरावा आणि दुसऱ्या पालकाची व सज्ञान भावंडांची संमती. संमतीपत्रे अपुरी असली की प्रकरण पुढच्या बैठकीवर जाते, आणि कायद्याने ही बैठक तीन महिन्यांतून एकदाच बंधनकारक आहे. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. हे न देणारे पालकच जास्त आहेत, आणि पुढे भावंडांत तंटा झाला की पहिला प्रश्न हिशेबाचा येतो.

मानसिक आजार या कायद्यात येत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे. तो उपचारांपुरता, मालमत्तेसाठी नाही. अपघातानंतर बेशुद्धावस्थेत पडून असलेल्या माणसाच्या खात्यातून उपचारासाठी पैसे काढायचे तर पत्नीला उच्च न्यायालयात रिट याचिका करून पालक नेमून घ्यावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे फिरते खंडपीठ सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे घेते, त्यामुळे निदान मुंबईची फेरी वाचली.

पालकमंत्र्यांविषयी दोन वाक्ये, कारण जनता दरबारात अज्ञानाच्या जमिनीची निवेदने त्यांच्याकडेही जातात. ते जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, जिल्हा वार्षिक योजनेचा निधी त्यांच्या बैठकीत ठरतो, १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडा तेच लावतात. खासगी वारसाच्या वादात निकाल द्यायचा अधिकार त्या पदाला नाही. फेरफाराविरुद्धचे अपील प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) करायचे असते. निवेदनावरच्या पोचेच्या शिक्क्याने अपिलाची मुदत थांबत नाही.

अ.पा.क. शेरा काढणे मात्र सगळ्यांत सोपे काम आहे, आणि तेच लोक करत नाहीत. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि पुढे दहा वर्षांपूर्वी वारलेल्या चुलत्याचे नाव, असे सातबारे आजही निघतात. पीककर्जाला, खरेदीला, भूसंपादनाच्या मोबदल्याला तो शेरा आडवा येतो. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करावा. वयाचा पुरावा, आधार आणि चालू सातबारा लागतो. फेरफार नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवस हरकतीची वाट बघितली जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज अडतो तो नावाच्या फरकामुळे: सातबाऱ्यावर घरातले लाडके नाव, आधारवर शाळेचे, किंवा मुलीचे लग्न होऊन आडनाव बदललेले. अशा वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि विवाहाचा पुरावा पहिल्याच वेळी जोडावा. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात हे शेरे काढण्याचे काम घेतले होते. तेव्हा राहून गेलेल्यांनी पुढच्या मोहिमेची वाट बघू नये. शेरा निघाला म्हणजे जुना दोषी दस्त दुरुस्त झाला, असे समजू नये. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

आपल्याकडे एक मागणी आहे. जाहीर नोटीस स्वीकारताना जाहिरात विभागाने ‘अज्ञान, अ.पा.क.’ एवढ्यावर भागवून घेऊ नये. अज्ञानाचे वय, पालकाचे त्याच्याशी नाते, आणि ‘न्यायालयाची परवानगी किरकोळ अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक’ किंवा ‘परवानगी घेतलेली नाही, मिळकत एकत्र कुटुंबाची असल्याचे देणार यांचे म्हणणे आहे’, यांपैकी लागू असेल ते छापायला सांगावे. नोटीस देणाऱ्या वकिलाकडे ही माहिती असायलाच हवी. नसेल तर नोटिशीच्या आधी शोध अहवालच अपुरा आहे. दोन ओळींचा जाहिरातदर वाढेल. घेणाऱ्याला ६४ गुंठ्यांपेक्षा तो परवडेल.

आपले,
दस्तलेखन व महसुली कामकाज पाहणारे काही वाचक,
सोलापूर